आजोबांची गरवायची काठी नव्याने बांधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांनी घरीच केलेली बांबूची गरवायची, म्हणजे गळाने मासे पकडायची, काठी माळ्यावर सापडली. दोन तुकड्यांची, जोडायला पितळी नळी, तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) जायला सायकलच्या स्पोकच्या वळवलेल्या कड्या, त्यावर दोरा आणि वॉर्निश. दोरा जागोजागी सुटलाय, वॉर्निश पिवळं पडून तडकलंय, एक कडी मोडलीय आणि शेंड्याचा तुकडा एका बाजूला वाकलाय. सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीवर ती पुन्हा वापरता येईल का, आणि रंगकाम करणारा म्हणतो तशी सगळी काठी मशीनने घासून घ्यावी का, हे तुम्हाला हवंय.

वापरता बहुधा येईल. मशीनने मात्र अजिबात घासू नका.

कारण बांबू कापलेल्या टोकाकडे नीट बघितलं की लगेच कळतं. खालच्या तुकड्याचं बूड ओल्या कापडाने पुसून उजेडात धरा. पिवळसर गरात गडद ठिपके दिसतील. ते ठिपके म्हणजे बांबूचे उभे तंतू. आतल्या बाजूला ते विरळ, मोठे आणि लांब लांब असतात; बाहेर सालीकडे येता येता इतके दाट होतात की शेवटच्या एखाद्या मिलिमीटरमध्ये वेगळे मोजताही येत नाहीत. काठीचा सगळा जोर या दाट पट्ट्यात असतो. आतला गर ही नुसती भर. मशीन फिरवलं की पहिल्यांदा जातो तो हाच पट्टा, आणि गेलेला तंतू कोणत्याही वॉर्निशने परत येत नाही. काठी दिसायला नवी होते आणि पहिल्या बऱ्यापैकी माशाला पेराच्या गाठीजवळ मोडते. म्हणून या कामाचा एकच नियम धरा: वॉर्निश काढायचं, साल नाही.

बांबू कोणता आहे तेही बुडावरून ओळखता येईल. सिंधुदुर्गात अशा काठ्या बहुतेक माणग्याच्या असतात. त्याला काटे नसतात, पेरं लांब, आणि बुडाकडे पोकळी जवळजवळ नसतेच. घाटावरून आलेली असेल तर माणवेल असू शकते. तीही बुडाशी भरीव. माणवेलीचा मान मोठा आहे. अमेरिकेत बांबूच्या पट्ट्या चिकटवून काठ्या करायला लागले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, ते जो बांबू वापरत तो कलकत्त्याहून जायचा, आणि त्याला ते ‘कलकत्ता केन’ म्हणायचे. ती आपली माणवेलच. पुढे चीनच्या तोंकिन बांबूने तिची जागा घेतली. तेव्हा आजोबांनी साधा बांबू वापरला असं मनात आणू नका. गरवायला भरीव बांबूसारखा बांबू नाही.

आता दोरा. कड्या जिथे आहेत तिथे दोरा असणारच, पण कडी नसलेल्या ठिकाणीही, दोन गाठींच्या मधे, दोऱ्याचे छोटे पट्टे दिसतायत का ते बघा. बहुतेक जण ते शोभेचे समजून काढून टाकतात. ते शोभेचे नसतात. बांबू आडवा सहसा तुटत नाही, तो उभा चिरतो. वाकताना आणि उन्हात सुकताना चीर पेरापेराने पुढे सरकते. मधला दोऱ्याचा पट्टा तिला आवळून धरतो. जोडनळीच्या लगतचा पट्टा तर सगळ्यात महत्त्वाचा, कारण काठीचा सगळा ताण नळीच्या कडेवर येतो आणि बांबू तिथेच फाटतो. म्हणून दोरा कापण्याआधी काठी वाचा. कागदाची लांब पट्टी किंवा मास्किंग टेप काठीच्या बाजूला लावा आणि शेंड्यापासून प्रत्येक कडीचं, प्रत्येक पट्ट्याचं अंतर त्यावर जागच्या जागी आखा. पट्ट्याची लांबी, दोऱ्याचा रंग, कडी कोणत्या बाजूला बसवलीय, सगळं लिहा, फोटो काढा. मुठीजवळच्या वॉर्निशखाली शाईने नाव, वर्ष, काही खूण असेल तर तेवढा भाग सोडून द्या. तिथे घासायचं नाही, वरून फक्त नवा हात द्यायचा.

मग काठी मजबूत आहे की नाही ते तपासा. कापसाचा बोळा साल धरून बुडापासून शेंड्यापर्यंत हळू फिरवा. जिथे चीर आहे तिथे कापसाचा धागा अडकतो. डोळ्यांना न दिसणारी चीरही अशी सापडते. मग टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं शोधा. ती पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची. काठी पांढऱ्या कागदावर आपटून बघा, पिठासारखी बारीक भुकटी पडली तर कीड अजून आत आहे. भोकं जुनी आणि भुकटी नसेल तर काळजी नको. ताजी असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा आणि सावलीत पूर्ण सुकू द्या. बांबूला कीड लागू नये म्हणून जे मिश्रण सर्रास वापरतात तेच हे. भोकं जोडनळीजवळ दाट असतील तर मात्र काठी भिंतीवर लावा, पाण्यावर नेऊ नका. तिथे कितीही दोरा आवळला तरी आतला बांबू भुसभुशीतच राहणार.

दोरा काढताना ब्लेड कधीही उघड्या बांबूवर चालवू नका. कडीचा जो पाय दोऱ्याखाली दबलेला असतो, त्या तारेच्या पाठीवर ब्लेड ठेवा आणि तारेच्या लांबीने ओढा. ब्लेड लोखंडावर घासेल, बांबूला लागणार नाही. दोरा उभा कापला गेला की वेढे आपोआप उलगडतात. मधल्या पट्ट्यांखाली तार नसते. तिथे दोऱ्याचं टोक नखाने मोकळं करून उलटं सोडवायचं. वॉर्निशने घट्ट चिकटलं असेल तर केस वाळवायच्या ड्रायरची ऊब द्या. आणि एका वेळी एकच पट्टा काढा. सगळे दोरे एकदम काढून बसलात तर लपलेल्या चिरा मोकळ्या होतात आणि काठी हातातच फाटते.

उरलेलं वॉर्निश ब्लेड उभं धरून खरवडा, कापायचं नाही. तडकलेलं जुनं वॉर्निश पापुद्र्यासारखं उडतं. चिवट राहिलेल्या ठिकाणी स्पिरिटमध्ये बुडवलेलं कापड चोळा. रंग काढायचं जळजळीत रसायन वापरू नका. ते बांबूच्या छिद्रांत शिरतं आणि नंतर नवं वॉर्निश धरू देत नाही. शेवटी ४०० नंबरचा वॉटर पेपर कोरडाच, हाताने, तंतूंच्या दिशेने, आणि फक्त चमक मोडेपर्यंत. पेराच्या गाठीवर जास्त दाब देऊ नका. गाठ उंच दिसते म्हणून ती सपाट करायचा मोह होतो, पण तिथले तंतू वळणं घेत गेलेले असतात. ते कापले की काठीचा तिथला जोर गेला.

वाक काढायचा तो आता, वाकलेल्या भागावरचा दोरा आणि वॉर्निश उतरल्यावर. स्पिरिटचा दिवा किंवा गॅसची मंद आच घ्या. वाकलेला भाग ज्योतीच्या वर, सतत फिरवत ठेवा. एका जागी थांबलात की काळा डाग. बांबू तापला की त्याचा ताठपणा कमी होतो, हाताला ते कळतं; काठीवाले लाठ्या अशाच सरळ करतात. मग हातात जाड कापड घेऊन वाकाच्या उलट दिशेला, सरळ रेषेच्या किंचित पुढेच न्या, आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवा. ओलं फडकं लावलं की लवकर गार होतं. एका बैठकीत सगळा वाक काढायचा हट्ट नको. थोडा राहिला तर राहू द्या. काठी वर्षानुवर्षं ज्या बाजूला ओढली जाते त्या बाजूला वाकतेच. राहिलेला वाक मनाला फारच लागत असेल तर शेंड्याच्या तुकड्यावरच्या कड्या उलट बाजूला, म्हणजे वाकाच्या फुगीर अंगाला बांधता येतात. मग मासा ओढेल तशी काठी आधी सरळ होते. ही जुनी युक्ती आहे आणि चालते. पण मी असतो तर आजोबांनी कड्या ठेवल्या तिथेच ठेवल्या असत्या.

पितळी नळीला पॉलिश पेपर लावू नका. एक हात जरी जास्त बसला तरी जोड ढिला होतो आणि मग मासा ओढताना शेंडा फिरत राहतो. हिरवट थर मऊ कापड आणि थोड्या स्पिरिटने काढा. चिंच-मीठ लावायची आपल्याकडे सवय असते, इथे नको. तो आंबट रस नळी आणि बांबूच्या फटीत अडकून राहतो आणि आतून खातो. नळी बांबूवर हलते का ते बघा. हलत असेल तर तिला आडवी छोटी खिळ असते, ती आधी बारीक पोगराने ठोकून काढा, नळी गरम करून सरळ ओढा, जुना डिंक खरवडा आणि सावकाश घट्ट होणाऱ्या दोन भागांच्या एपॉक्सीने पुन्हा बसवा. पाच मिनिटांत सुकणारी एपॉक्सी इथे कामाची नाही. ती ठिसूळ होते. नळी न हलणारी असेल तर तिला हात लावू नका.

मोडलेल्या कडीसाठी बाजारातली आणू नका असं मी सांगेन. स्पोकची तार मिळते, आणि उरलेल्या कड्यांपैकी एक समोर ठेवली की तशीच वळवता येते. आजोबांनी वळणाला डाख दिला असेल तर भांड्यांना डाख देणाऱ्याकडून द्या; स्टेनलेस स्पोकला साधा डाख धरत नाही, त्याला आम्लाचा फ्लक्स लागतो, हे त्याला आधीच सांगा. कडीचे दोन्ही पाय कानशीने टोकाला पातळ करा, इतके की नखाला कड लागू नये. दोरा बांबूवरून पायावर चढताना पायरी आली तर तिथे फट राहते, फटीत खारं पाणी शिरतं, आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. पायाची खालची बाजूही घासून गुळगुळीत करा, नाहीतर तार बांबूत रुतते. आता कड्यांच्या आत कापूस फिरवा. तंगुसाने चर पाडले असतील तर कापूस अडकेल. बारीक चर पॉलिश पेपरची सुरळी फिरवून निघतो, खोल चर असेल तर कडी बदला. त्या चरातून तंगूस सोलला जातो. आणि आजकाल मिळणारी विणलेली दोरी या काठीवर अजिबात वापरू नका. ती नुसत्या तारेला करवतीसारखी कापते. या काठीला तंगूसच.

दोरा कोणता? आजोबांनी सुती वापरला असेल तर तुम्ही रेशीम वापरा, ही माझी स्पष्ट शिफारस. रेशीम पातळ असून ताकदवान, आणि वॉर्निश प्यायलं की अर्धपारदर्शक होतं, खालचा बांबू आणि तारेचा पाय दोन्ही दिसतात. दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याकडे विचारा, पण हातात घेतलेलं रेशीम खरं आहे का हे जाळून बघा. खरं रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं आणि बोटांत चुरडणारी राख सोडतं. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा नकली दोरा वितळून कडक गोळी होतो. रेशीम मिळालं नाही तर भरतकामाच्या यंत्राचा चमकदार पॉलिएस्टर दोरा चालेल. शिवणकामाचा साधा दोरा नको, त्याला लव असते आणि वॉर्निशमध्ये ती काट्यांसारखी उभी राहते. वॉर्निश लागल्यावर दोऱ्याचा रंग गडद होतो, कधी ओळखू येणार नाही इतका. म्हणून बांबूच्या एखाद्या कामटीवर आधी बांधून, वॉर्निश देऊन बघा.

आता बांधणी. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजूंना व्ही आकाराच्या खाचा पाडा, काठी त्यात ठेवा. दोऱ्याचं रीळ वाटीत, आणि दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांतून घालून तुमच्याकडे आणा. पुस्तकावर वजन कमी-जास्त केलं की ताण हवा तसा मिळतो. दोरा काठीभोवती फिरवायचा नाही, काठी फिरवायची. कडी जागेवर धरायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा छोटा तुकडा एका पायावर चढवा आणि दुसरा पाय आधी बांधा.

सुरुवात उघड्या बांबूवर, पायाच्या टोकाच्या चार-पाच मिलिमीटर आधी. दोऱ्याचं टोक काठीच्या लांबीने, कडीच्या दिशेला ठेवा, त्यावरून पहिला वेढा घ्या आणि कडीकडे सरकत पाच-सहा वेढे त्या टोकावरूनच घ्या. टोक दबलं की उरलेलं कापा. पुढे प्रत्येक वेढा आधीच्याला खेटून. दोन वेढ्यांत बांबू दिसला तर थांबून नखाने मागे ढकला; दहा वेढे झाल्यावर ढकलायला गेलात तर सगळेच सरकतात. पायावर चढताना वेढे घसरू पाहतात, तिथे काठी अगदी हळू फिरवा. शेवटचे सात-आठ वेढे उरले की वेगळ्या दोऱ्याचा एक फास काठीवर ठेवा, फासाचं तोंड पुढे, शेपट्या मागे, आणि उरलेले वेढे फासावरूनच घ्या. दोरा अंगठ्याने दाबून धरा, थोडा लांब ठेवून कापा, टोक फासाच्या तोंडात घाला आणि शेपट्या ओढा. टोक वेढ्यांखालून आत जाऊन मधेच बाहेर येतं. ते नव्या ब्लेडने अगदी मुळाशी कापा. मग चमच्याची पाठ सगळ्या पट्ट्यावर फिरवा. वेढे सपाट होतात, बारीक फटी मिटतात.

ताण किती? कडी बांधून झाल्यावर अंगठ्याने जोर दिला तर ती किंचित सरकली पाहिजे. नुसत्या हाताच्या स्पर्शाने हलली तर ढिली, आणि जोर देऊनही हलली नाही तर कड्या एका रेषेत आणायला वावच राहत नाही. सगळ्या बांधून झाल्या की बुडाकडून एक डोळा मिटून बघा आणि रेषा जुळवा. कडी नसलेले पट्टे आणि जोडनळीच्या लगतचा पट्टा मात्र जास्त घट्ट, कारण त्यांचं कामच आवळायचं आहे. चीर सापडली असेल तर तिच्यात आधी कोमट करून पातळ झालेली एपॉक्सी उतरवा, तात्पुरता दोरा आवळून सुकू द्या आणि मग कायमचा पट्टा बांधा.

वॉर्निशच्या बाबतीत दोन मतं ऐकायला मिळतील. कारखान्यातल्या फायबरच्या काठ्यांवर जाड, काचेसारखी एपॉक्सी असते आणि तिथे ती योग्यच आहे. अख्ख्या बांबूवर मला ती पटत नाही. बांबू हवेतलं पाणी पितो, फुगतो, आकसतो. एपॉक्सीचा कडक थर तेवढा हलत नाही, कडेला तडकतो, आत ओल जाते आणि दोरा पांढुरका पडतो. मग ती खरवडून काढताना साल जाते. चांगलं बाहेरच्या वापराचं, नौकांना लावतात तसं वॉर्निश घ्या. ते लवचीक राहतं आणि दोन-तीन वर्षांनी वरून एक हात दिला की पुन्हा ताजं. चपड्याचं पॉलिश शेवटच्या हाताला नको. पाणी लागलं की ते पांढरं धुरकट होतं.

पहिला हात टर्पेंटाइन घालून अगदी पातळ करून द्या, दोऱ्याने तो प्यायला हवा. पुढचे तीन-चार हात पातळच, प्रत्येकामधे एक दिवस. वॉर्निश देण्याआधी बांबू आणि दोऱ्याला बोट लावू नका, विशेषतः डोक्याला खोबरेल लावलेला हात. तेलाचा डाग पडलेल्या जागी वॉर्निश मागे सरतं, डोळ्यासारखी गोल जागा राहते. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला असतात, हात मोकळे असतात, तेव्हाच सगळ्यांना काठ्या दुरुस्त करायची आठवण होते. पण त्या दमट हवेत वॉर्निश आठवडाभर चिकट राहतं आणि त्यावर धूळ, चिलटं बसतात. दोरा पावसाळ्यात बांधून ठेवा हवं तर, वॉर्निश दिवाळीनंतर. काठीचं उघडं बूड आणि नळीत जाणारं टोक यांना विसरू नका. बांबू पाणी पितो ते कापलेल्या टोकातूनच.

शेवटचा हात दिल्यावर दहा-बारा दिवस टांगून ठेवा. मग काठी जोडून कड्यांतून तंगूस घाला, टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधा आणि किलोभर वजन दिसेपर्यंत हळूहळू ओढा. वाक शेंड्यापासून खालपर्यंत सलग आला पाहिजे. कुठे कोन दिसला किंवा कट्‌ असा आवाज आला तर लगेच सोडा, तिथेच चीर आहे. तेवढाच पट्टा पुन्हा काढून बांधावा लागेल. सलग वाकली तर खुशाल न्या. शिंगाळा, तांबोशी यांना ती पुरेल. जड शिसं लावून लांब फेकायला मात्र ती केलेली नाही, आणि खडपात (खडकांत) अडकलेली गरी काठीने उचकटू नका, तंगूस हाताला कापड गुंडाळून ओढा. घरी आलात की गोड्या पाण्याने धुवा, दोन्ही तुकडे वेगळे करा आणि पूर्ण सुकल्याशिवाय पिशवीत घालू नका.